मुंबईच्या घरात फ्रेंच नाताळ

फ्रेंच पद्धतीने नाताळ साजरा करायचा असेल, तर तयारी 24 डिसेंबरच्या रात्रीसाठी करावी, कारण फ्रान्समध्ये सणाचा गाभा त्या रात्रीच्या जेवणात असतो. ‘रेव्हेयाँ’ नावाचे हे जेवण कित्येक तास चालते, म्हणून पाहुण्यांना शेवटची लोकल गाठण्याची घाई होणार नाही अशी सोय आधीच करून ठेवावी.

दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतात सुरुवात 4 डिसेंबरला, संत बार्बरेच्या दिवशी होते. त्या दिवशी तीन बशांत गहू रुजत घालतात आणि हिरवेगार अंकुर 24 ला जेवणाच्या मेजावर मांडतात. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या घरांना ही रीत वेगळी शिकवावी लागणार नाही. फक्त मुंबईच्या उबेत अंकुर लवकर वाढून पिवळे पडतात, म्हणून पेरणी 14 तारखेच्या सुमारास करावी. गोठा मांडताना बाळ येशूची मूर्ती मात्र मध्यरात्रीपर्यंत बाजूला ठेवावी.

जेवणाचा आरंभ तिकडे बहुधा कच्च्या कालवांनी होतो. आपल्याकडे ती कच्ची खाण्याचा धोका पत्करू नये. कोळणीकडून ताजी कालवे घेऊन, नीट शिजवून, वर लिंबू पिळून वाढावीत. मुख्य पदार्थ चेस्टनट भरून भाजलेली टर्की हा असतो, पण अख्खी कोंबडी भाजली तरी मेजाची शोभा कमी होत नाही. शेवटी ओंडक्याच्या आकाराचा ‘ब्यूश’ केक येतो. पूर्वी त्या रात्री चुलीत मोठा ओंडका जाळत, त्याची आठवण या केकने टिकवली आहे.

माझ्या मते मुंबईकराने सर्वाधिक मन लावून करावी अशी गोष्ट म्हणजे प्रोव्हान्समधील तेरा गोड पदार्थांचे ताट. येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा, असा त्याचा अर्थ सांगतात. बदाम, सुके अंजीर, मनुका, अक्रोड, खजूर आणि ताजी फळे हे सारे क्रॉफर्ड मार्केटात एका फेरीत मिळते. मध व बदामांच्या काळ्या नुगाऐवजी बदामाची चिक्की ठेवता येईल. प्रत्येकाने तेराही पदार्थ चाखावेत, आणि ताट 27 पर्यंत मेजावरून उचलू नये.

मुलांचे जोडे झाडाखाली ठेवावेत, म्हणजे 25 च्या सकाळी त्यांत भेटी सापडतील. दुपारी पुन्हा कुटुंबाचे जेवण असते. फ्रान्समधील स्नेह्यांना मध्यरात्रीच्या ठोक्याला शुभेच्छा द्यायच्या असतील, तर आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. 26 ला सुट्टी फक्त अल्सास आणि मोझेल या भागांत असते.

सण संपतो 6 जानेवारीला. पफ पेस्ट्रीत बदामाचे सारण भरून ‘गालेत’ भाजतात आणि आत चिनी मातीची इवलीशी मूर्ती लपवतात. सर्वांत धाकट्या मुलाने मेजाखाली बसून कोणता तुकडा कोणाला ते सांगायचे. ज्याच्या वाट्याला मूर्ती येईल, त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढतो. मूर्ती नसल्यास अख्खा बदाम घालावा, आणि मूर्ती घातली असेल तर सावकाश चावण्याची सूचना सर्वांना आधीच द्यावी.