डिझेल फिल्टरपासून शिकायला सुरुवात करा, नागपूरच्या नव्या पोट्ट्यांसाठी

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड करून पोट्टे गॅरेजला येतात तेव्हा त्यांना लगेच इंजिन उघडायचं असते, आणि हातात येते काय तर ऑइल बदल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर. नाराज नका होऊ भाऊ. मी वाडीकडे गॅरेजमध्ये बरीच वर्षं हेच करून राहिलो आणि माझं ठाम मत आहे की फ्युएल सिस्टिम शिकायची असेल तर डिझेल फिल्टरसारखी चांगली सुरुवात नाही, कारण गाडीनं आजवर काय पिलं ते सगळं त्या एका डब्यात जमा असते.

पेट्रोलचं आधी उरकून घेतो. आताच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत पंपासोबतच राहते, तो रुटीन सर्व्हिसला बदलायचा नसतो, उगाच बिलात टाकू नका. जुन्या गाडीत टाकीजवळ खाली लाइनमध्ये छोटा डबा असते, त्यावर बाण असते, तो इंजिनच्या दिशेनं ठेवायचा. लाइनमध्ये साधारण 3-4 बार प्रेशर राहते, म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची मायनस काढा, मगच पाइपला हात लावा.

आता डिझेल. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा, कोणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना) दाबानं डिझेल देणाऱ्या सिस्टिममध्ये, प्रेशर हजार बारच्या खूप वर जाते, काही इंजिनांत 1,600 ते 2,000 बारपर्यंत, आणि इंजेक्टरच्या आतले भाग इतके बारीक बसवलेले असतात की डोळ्यांना न दिसणारा कणही ते घासून टाकते. म्हणून माझ्यासाठी या कामात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्वच्छता. फिल्टर उघडायच्या आधी आजूबाजूची धूळ हवा मारून, पुसून काढा, धागे सुटणारी चिंधी वापरू नका, नवीन फिल्टर शेवटच्या क्षणापर्यंत पिशवीतच ठेवा, काढलेल्या पाइपांच्या तोंडांना झाकणं लावा. ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी रिंग, दरवेळी नवीन, तिला थोडं स्वच्छ डिझेल लावून बसवा. आणि फिल्टर बाहेरच्या डिझेलनं भरून लावायची घाई करू नका, ते डिझेल गाळलेलं नसते, चुकून स्वच्छ बाजूला ओतलं की घाण सरळ पंपात.

बसवल्यावर लाइनमध्ये अडकलेली एअर काढायची. हँड प्रायमर (हातानं दाबायचा छोटा पंप) असेल तर कडक होईपर्यंत दाबत राहा, टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी दोन-चार वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. मग सेल्फ मारा, पण एका वेळी 10-15 सेकंदांच्या वर नाही, मधे सेल्फला आराम द्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत उस्ताद लोक इंजेक्टरचा नट ढिला करून एअर काढायचे, ती सवय कॉमन रेलला बिलकुल लावू नका, त्या प्रेशरची बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि वरून जखम छोटीशीच दिसते. असं कोणाला झालं तर सरळ मेडिकल हॉस्पिटलला न्या, संध्याकाळपर्यंत पाहू म्हणू नका.

नागपूरच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगतो, कारण पुस्तकात हे धावतं लिहिलेलं असते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते तो आकडा, कमीत कमी 35 डिग्री ठरवलेला आहे, आणि आपल्याकडे दुपारी पारा 45 च्या आसपास. म्हणजे डिझेल पेटत नाही हा समज थंडीतला, उन्हाळ्यात नाही. पेट्रोलची वाफ तर हवेपेक्षा जड, पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात, साचून राहते. पिटजवळ कूलर चालू-बंद करू नका, साधा स्विचही ठिणगी देते. विडी-सिगारेटचं सांगायला नको, आणि इंजिन थंड होऊ द्या.

आता जुना फिल्टर. तो लगेच भंगारात टाकू नका. त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओता आणि थोडा वेळ राहू द्या. पाणी जड असते, खाली बसते, सरळ रेघ दिसते. काटोल, उमरेडकडच्या ज्या गाड्यांत ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल पडते त्यांत हे जास्त दिसते, पावसाळ्यानंतर तर हमखास. तांबूस कण म्हणजे टाकी किंवा लाइन गंजली, काळा चिकट गाळ म्हणजे डिझेल फार दिवस पडून होतं. पाणी निघालं तर फक्त फिल्टर बदलून गाडी देऊ नका, टाकी तपासा, वॉटर सेन्सरचं कनेक्टर पाहा, आणि ग्राहकाला बरणी दाखवा. डिझेल कुठून भरता हे तेव्हाच विचारा, बरणी समोर असली की माणूस खरं सांगते.

गाडी सुरू झाली की थोडा वेळ चालू ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, ओला झाला की गळती. मग एक चक्कर मारून या, अमरावती रोडवर चढाला पिकअप पाहा, परत येऊन बोनेट उघडून पुन्हा तोच कागद, कारण काही गळत्या गाडी गरम झाल्यावरच दिसतात. बरणीतलं डिझेल नालीत टाकायचं नाही, वापरलेल्या ऑइलसारखंच पण वेगळ्या ड्रममध्ये जमा करा.