जुन्या घरातलं स्वयंपाकघर नवं करताना या चुका टाळा

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर बहुतेक मागच्या अंगाला, न्हाणीला आणि विहिरीला धरून असतं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, सांध्यात माती, वर चुन्याचा गिलावा, डोक्यावर मंगळुरी कौलं. फ्लॅटमधली किचनं करून हात बसलेला कंत्राटदार इथे आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हे सगळं काढून टाकूया." त्याला तिथेच थांबवा. खोली अंधारी असेल, काळवंडलेली असेल, उभ्यानं काम करायला गैरसोयीची असेल. ते सगळं बदलता येतं. पण ओल, धूर आणि वारा यांची सोय या खोलीनं आधीच लावलेली असते. ती न ओळखता हात घातला की पहिल्याच पावसात खर्च अंगावर येतो.

भिंतीवर सिमेंट

सगळ्यांत महाग पडते ती ही चूक. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी तो वर ओढतो. चुन्याचा गिलावा ते पाणी वाफ होऊन बाहेर जाऊ देतो. म्हणून तर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलूनही या भिंती पावसाळा सरला की हळूहळू सुकतात. त्यावर सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंट किंवा छतापर्यंत टाइल्स चढवल्या की ओलीची वाट बंद. ती आणखी वर चढते, पाण्यासोबत आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात आणि पोपडे सुटायला लागतात. मग दोष रंगाला, आणि वॉटरप्रूफ रंगाचा आणखी एक हात. आजार तोच, पांघरूण तेवढं जाड.

तुमच्याकडे हे आधीच होऊन गेलं असेल तर डाग कुठे आहे ते बघा. पायथ्याशी सलग पट्टा असेल तर ओल जमिनीची. सिंकमागे किंवा नळाखाली एकच चट्टा असेल तर पाइप गळतोय. वरून ओघळ आलेला असेल तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. तिथे भिंतीला काहीही फासून उपयोग नाही. जमिनीची ओल असेल तर आधी बाहेर जाऊन वळचणीचं पाणी भिंतीलगत तुंबत नाही ना, ते पाहा. पुष्कळदा दुखणं तिथेच असतं. मग डागाच्या हातभर वरपर्यंत सिमेंट काढा, पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडा (धुऊ नका, क्षार परत भिंतीत जातात) आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवा. नंतर चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. ओट्यामागे मात्र टाइल्स हव्यातच, कारण हळदीचे आणि फोडणीचे डाग चुन्यावरून निघत नाहीत. तिथे दोन फूट उंची पुरते.

चूल गेली, वासे उघडे पडले

चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाता जाता वाशांना आणि रिपांना लागायचा. त्या उबेनं लाकूड कोरडं राहायचं, काजळी आणि धुरामुळे कीड सहसा फिरकत नसे. गॅस आला आणि ही राखण संपली. छपराचा विचार न करता चूल फोडणारे बरेच जण काही वर्षांनी भुग्यानं भरलेला ओटा पुसत असतात.

म्हणून चूल काढण्याआधी वासे तपासा. भिंतीत शिरलेलं टोक आधी कुजतं. तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. सहज आत गेला तर तो वासा बदला. लाकूड टणक असेल तर काजळी कडक ब्रशनं खरवडून काढा, कारण तिच्यावर रंग धरत नाही. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण मारा. हे पाण्यानं धुऊन जातं, तेव्हा गळती आधी बंद झालेली हवी. जागा असेल तर चूल काढूच नका, असं माझं मत. मातीच्या कुंडल्यातलं हुमण (माशांची आमटी) रोज होत नसलं तरी चतुर्थीला माणसं जमली की दुसरी शेगडी लागतेच.

कौलांखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करणं ही याच्याच पुढची चूक. गळती दिसत नाही, वाळवीचे मातीचे माग दिसत नाहीत, आणि उंदरांना मोकळं रान मिळतं. कौलांतून धूळ पडते ही तक्रार खरी आहे. त्यासाठी ओट्यापुरतं, उघडून बघता येईल असं सुट्या फळ्यांचं छत करा. उजेडासाठी एक-दोन काचेची कौलं बसवा. झरोके बुजवू नका, जाळी लावा. चिमणीचा पाइपही शक्यतो जुन्या झरोक्यातूनच न्या. मातीच्या सांध्याच्या भिंतीला नवं भोक पाडलं की आजूबाजूचे चिरे हलतात.

जमीन

तांबड्या कोब्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स टाकण्याआधी प्लास्टिकचा एक तुकडा जमिनीला चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. खाली दव जमलं तर ओल जमिनीतून येतेय, आणि टाइल्सखाली कोंडली की ती भिंतीकडे वळेल. शिवाय जमीन इंच-दोन इंच चढते, उंबरठा बुडतो, दरवाजा घासतो, पाणी मोरीकडे जायचं सोडून उलटं फिरतं. कोब्याला तडे असतील तर ते भरून घ्या. ॲसिडनं घासू नका.

बाकीचं थोडक्यात

एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची कपाटं कोकणपट्टीच्या दमट हवेत फुगतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय घ्या, कपाट पायांवर उभं करा आणि भिंतीपासून दोन इंच सोडून ठेवा. भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर भरलेलं कपाट टांगू नका. मातीचा सांधा स्क्रू धरून ठेवत नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. जुनं स्वयंपाकघर कधी पायरीभर खाली असतं आणि झरोके सगळे वर. गळलेला गॅस खालीच साठतो. सिलिंडर बाहेर पडवीत उभा ठेवा, नाहीतर जमिनीलगत जाळीचं भोक ठेवा.

वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारू नका, पाइप वरूनच फिरवा. ओव्हन आणि इंडक्शनला वेगळी लाइन आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

घर सामायिक असेल तर भाऊबंदांची संमती लेखी घ्या. पणजीच्या फोंताइन्यास या वारसा भागात किंवा जुने गोवे इथे घर असेल तर काम काढण्याआधी परवानगीची चौकशी करा.

आणि छपराचं काम करताना उतरवलेली कौलं भंगारात देऊ नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत, त्यामुळे एखादं फुटलं की नवं कौल जुन्यात बसत नाही. कौलावरचा छाप वाचून घ्या आणि गावात कुठे घर मोडत असेल तर त्याच छापाची वीस-पंचवीस आणून ठेवा.