प्रेशर सेल आणि जिओफोन पुरताय? या चुका टाळा

"सेल मेला, दुसरा पाठवा." पावसाळ्यात असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो: सेल पुरला कुणी, आणि तेव्हा तुम्ही तिथे उभे होतात का? मुंबईत खोल बेसमेंट आणि मेट्रोची खोदकामं निघाल्यापासून मातीतला दाब मोजणारे प्रेशर सेल आणि सुरुंगाचा हादरा मोजणारे जिओफोन, अशी उपकरणं जागोजागी दिसतात. त्यातली खरोखर बिघडलेली फार थोडी. उपकरण बिचारं आपल्याला चिकटलेल्या ओंजळभर मातीचं मोजतं. ती ओंजळ आजूबाजूच्या जमिनीसारखी नसेल, तर यंत्र धडधाकट असूनही आकडा खोटा निघतो.

प्रेशर सेल म्हणजे कडेने वेल्ड केलेले दोन गोल पोलादी पत्रे आणि मध्ये हवा काढून भरलेलं तेल. तेलावर आलेला दाब नळीतून ट्रान्सड्यूसरकडे, म्हणजे दाबाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाकडे जातो. गंमत अशी की सेल पुरला की मातीतला दाबच बदलतो. उशीत पोळपाट दडवून वरून हात दाबा, सगळा जोर पोळपाटावर येतो. मातीपेक्षा ताठ सेल असाच जास्त दाखवतो. उलट सेलभोवतीचा खड्डा भुसभुशीत राहिला, तर भार कमानीसारखा बाजूने निघून जातो आणि सेल कमी दाखवतो. म्हणून सेल व्यासाच्या मानाने पातळ असावा लागतो आणि भराव आजूबाजूच्या मातीइतकाच घट्ट.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं पेंड खातं. जो मुरूम हाताला लागला तो खड्ड्यात लोटायचा, वर रोलर फिरवायचा, झालं काम. त्या मुरमातला लिंबाएवढा एक खडा पत्र्याला टेकला, की सेल जमिनीचा नाही, त्या खड्याचा दाब सांगू लागतो. माती चाळून घ्या, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना बारीक मातीचा थर द्या, आणि पहिला दीड फूट तरी हातातल्या धुम्मसानेच ठोका. मुकादम वैतागतो, वैतागू द्या.

शून्याचं रीडिंग, म्हणजे सेलवर भार येण्याआधीचं रीडिंग, हा दुसरा घोळ. मे महिन्यात दुपारी बाराला उन्हात पडलेला सेल हाताला चटका देतो. आतलं तेल फुगलेलं असतं, आणि त्या क्षणी घेतलेलं 'शून्य' पुढे कायम मानगुटीवर बसतं. सेल तासभर सावलीत ठेवा, तापमान स्थिरावू द्या, दोन-तीनदा रीडिंग घ्या, शेजारी तापमान लिहा. व्हायब्रेटिंग वायरच्या सेलमध्ये, म्हणजे आतली ताणलेली तार छेडून तिच्या कंपनांवरून दाब काढणाऱ्या सेलमध्ये, आणखी एक मेख आहे: दाब वाढला की तारेची कंपनसंख्या घटते, आणि हिशोब कंपनसंख्येच्या वर्गाचा असतो. एक्सेलमध्ये वजाबाकी उलटी झाल्यामुळे भिंतीवरचा दाब ऋण आलेला मी पाहिलाय. त्याच्यावर सहीसुद्धा झाली होती.

हाच व्हायब्रेटिंग वायरचा सेल सुरुंगाचा धक्का मोजायला लावणं, ही तर चूकच. तार छेडायची, तिची कंपनं मोजायची, यात सेकंदभर जातो. धक्का काही मिलिसेकंदांत येऊन निघूनही जातो. तिथे झटपट प्रतिसाद देणारा स्ट्रेन गेजचा किंवा पिझोरेझिस्टिव्ह सेल हवा, आणि सोबत रीडिंग नोंदवणारा तितकाच चपळ डेटालॉगर.

समुद्राजवळच्या भरावात एक तक्रार हमखास येते: "रीडिंग आपोआप वरखाली होतंय." एका साइटवर सेल बदलायची ऑर्डरही निघाली होती. मी ग्राफशेजारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठेवलं. दिवसातून दोन चढ, दोन उतार, फक्त भरतीच्या थोडे मागून. पाणी एक मीटर चढलं की दाब जवळजवळ 10 किलोपास्कल वाढतो. भरावातून झिरपताना तो थोडा कमी होतो आणि उशिराने पोचतो. सेल माती आणि पाणी दोन्हींचा मिळून दाब दाखवतो. शेजारी पिझोमीटर, म्हणजे फक्त जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण, नसेल, तर त्यातलं मातीचं किती आणि पाण्याचं किती, हे सांगायला मार्ग नाही.

आता जिओफोन. हादऱ्याने जमीन किती वेगाने हलते, ते हा मोजतो. लालबागच्या एका चाळीशेजारी काळ्या दगडात सुरुंग चालले होते. आमच्या पोराने जिओफोन पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, लाकडी फळ्यांवर ठेवलेला. का, तर तिथे प्लग होता! शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे बाळा, इथेच ठेव, भांडी इथेच वाजतात." आकडा आला 12 मिलिमीटर प्रतिसेकंद. पुढच्या सुरुंगाला तोच जिओफोन पायाजवळच्या मातीत पुरला: त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, माती ठोकून बसवलेली, लेव्हलचा बुडबुडा मध्यावर, वरचा बाण सुरुंगाकडे. आकडा निम्म्याहून खाली. फळी हलत होती हे खोटं नाही, पण मर्यादा ठरलेली आहे ती पायाजवळच्या जमिनीसाठी. डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) 1997 च्या परिपत्रकात, खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरासाठी 8 हर्ट्झच्या खाली 5, 8 ते 25 हर्ट्झला 10 आणि त्यावर 15 मिलिमीटर प्रतिसेकंद असं आहे. म्हणजे कंपनसंख्येशिवाय नुसता वेग लिहिलेला रिपोर्ट अर्धवट. आणि आजीही खोटं बोलत नव्हत्या: माणसाला 0.3 मिलिमीटर प्रतिसेकंदाच्या आसपासही हादरा जाणवतो. तेवढं त्यांना शांतपणे बसून सांगितलं, तर निम्मी भांडणं मिटतात.

कडक फरशीवर पुरता येत नसेल तर बोल्टने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्का बसवा. ठोका मारून फरशी पोकळ वाजतेय का, ते आधी बघा. रुळांजवळ असाल तर ट्रिगर, म्हणजे ज्या हादऱ्याला नोंद सुरू होते ती पातळी, थोडा वर ठेवा, नाहीतर सुरुंगाच्या आधीच मेमरी लोकलच्या हादऱ्यांनी भरते.

उरली केबल. रीडिंग गायब झालं की लगेच खणायला लागू नका. मल्टिमीटर लावून तार छेडणाऱ्या कॉइलचा रोध सेलसोबत आलेल्या कार्डाशी ताडा. केबलचा रोध त्यात धरा. अनंत आला तर तार तुटलीय, शून्याजवळ आला तर शॉर्ट. आकडा ठीक आहे पण रीडिंग नाचतंय, तर जॉइंटमध्ये पाणी शिरलंय का बघा. जॉइंट टेपने गुंडाळून भागत नाही, रेझिनचा किट भरा. मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र, मात्र लावू नका. त्याच्या व्होल्टेजने चांगला सेल जातो, आणि मग खरंच दुसरा मागवावा लागतो.