डेटाबेस हलवण्याआधी अक्षरांची तपासणी

नव्या सर्व्हरवर मराठीच्या जागी कचरा दिसला की सगळे नव्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शोधत बसतात. खरं काम जुन्या सर्व्हरवर, डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) घेण्याआधी उरकायचं असतं. डेटाबेस मायएसक्यूएलचा असेल तर आधी टेबलाची व्याख्या दाखवणारी ‘शो क्रिएट टेबल’ ही आज्ञा चालवून कॉलमनिहाय कॅरेक्टर सेट, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या बाइटमध्ये साठवायचं ती पद्धत, लिहून घ्या. डेटाबेसचा एक, टेबलाचा दुसरा आणि कॉलमचा तिसराच, असं सर्रास सापडतं. साठवताना चालतो तो कॉलमचा.

पण ही झाली बाहेरची पाटी, आतले बाइट वेगळे असू शकतात. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत डिफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन-१ होता, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचा, ज्यात देवनागरी नाही. त्यामुळे जुन्या अ‍ॅप्लिकेशननी लॅटिन-१ कॉलममध्ये थेट यूटीएफ-८ चे (मराठीसह सगळ्या लिप्या लिहू शकणाऱ्या एन्कोडिंगचे) बाइट कोंबलेले असू शकतात. वाचणारं कनेक्शनही लॅटिन-१ असेल तर पडद्यावर सगळं छान दिसतं, म्हणून पडद्यावर विश्वास ठेवू नका. सर्वांत जुने, मधले आणि अगदी अलीकडचे काही रेकॉर्ड घ्या आणि ‘हेक्स’ फंक्शनने त्यांचे बाइट सोळाच्या पायातल्या (हेक्साडेसिमल) आकड्यांत बघा. यूटीएफ-८ मध्ये ‘म’ हे अक्षर ई० ए४ एई असं तीन बाइटचं असतं. त्याऐवजी सी३ ए० सी२ ए४ सी२ एई दिसलं, तर एन्कोडिंग दोनदा झालं आहे. हे दुरुस्त होतं. अक्षराच्या जागी नुसतं ३एफ असेल तर तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलं आहे. मग जुना बॅकअप शोधायला लागा, सेटिंगशी झटापट करून काही हाती येणार नाही.

पाटी खरी असेल तर डम्प सरळ यूटीएफ८एमबी४ मध्ये (मायएसक्यूएलच्या चार बाइटपर्यंतच्या पूर्ण यूटीएफ-८ मध्ये) घ्या. लॅटिन-१ कॉलममध्ये यूटीएफ-८ सापडलं तर डम्प लॅटिन-१ कनेक्शनने घ्या, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतील. मग डम्प फाइलमधल्या टेबलांच्या व्याख्येत कॅरेक्टर सेट आणि कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) बदला आणि फाइल यूटीएफ८एमबी४ कनेक्शनने भरा. फाइलच्या सुरुवातीची, कनेक्शनचा कॅरेक्टर सेट ठरवणारी ‘सेट नेम्स’ ओळ मात्र आधी बघा, ती तुमचं सेटिंग गुपचूप उलटवते. दोनदा एन्कोड झालेल्यालाही हाच डम्प चालतो, पण सगळे रेकॉर्ड तसेच असतील तरच. जुने बिघडलेले आणि नवे नीट अशी सरमिसळ असेल तर नीट असलेल्यांचीही प्रश्नचिन्हं होतील. तिथे वेगळे करून दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नाही.

विंडोज पॉवरशेलमध्ये ‘पेक्षा मोठे’ (>) चिन्ह वापरून डम्प फाइलमध्ये वळवू नका, ती यूटीएफ-१६ या वेगळ्याच एन्कोडिंगची होते. ‘रिझल्ट-फाइल’ पर्याय वापरा.

मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ फक्त तीन बाइटचा, त्यात इमोजी मावत नाही. यूटीएफ८एमबी४ वर जाताना जुन्या रो फॉरमॅटमधली (ओळी साठवण्याच्या जुन्या पद्धतीतली) ७६७ बाइटची इंडेक्स मर्यादा आडवी येते, म्हणजे दर अक्षराला चार बाइट धरून १९१ अक्षरं. ८.० वरून ५.७ कडे जायचं असेल तर नावात ०९०० असलेलं कोलेशन तिथे ओळखलंच जात नाही, ते आधीच बदला.

भरून झाल्यावर तेच रेकॉर्ड पुन्हा हेक्समध्ये ताडून बघा. बाइट बरोबर आणि साइटवर कचरा, असं असेल तर अ‍ॅप्लिकेशनच्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेट तपासा.