एकगठ्ठा मेसेज पाठवणारं अ‍ॅप बनवताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये मी बल्क नोटिफिकेशनची वेब अ‍ॅप्स बनवतो, दुसऱ्यांनी बनवलेली दुरुस्तही करतो. दुरुस्तीला आलेला कोड उघडला की दहा मिनिटांत त्याच त्या चुका समोर येतात. नव्या मुलांची घाई मला समजते. पण गेलेला मेसेज परत बोलावता येत नाही, हे त्यांना कोणीतरी आधीच बजावायला हवं.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझ्याच हातून झाली. द्राक्ष बागायतदारांना थंडीचा इशारा देणारं अ‍ॅप होतं. निफाड, दिंडोरीकडे पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकने पाणी सोडायचं, म्हणून मेसेज पहाटे चारला जायचा होता. रात्री दहाला मी तो सेलरीत (पायथॉनमध्ये कामं मागे रांगेत लावून करून घेणारं साधन) शेड्यूल केला. ब्रोकर, म्हणजे ती रांग सांभाळणारा, होता रेडिस. पाच मिनिटांनंतरच्या वेळेवर चाचणी घेतली होती, ती व्यवस्थित झाली. पहाटे चारला मात्र प्रत्येकाच्या फोनवर तोच इशारा पाच-सहा वेळा वाजला. एका काकांचा फोन आला, "अहो, आम्ही बागेतच आहोत. सारखा सारखा मेसेज येतोय, पारा अजून उतरतोय का?" दर मेसेजला ते नवी शेकोटी पेटवत होते.

रेडिस ब्रोकर असला की सेलरीचा व्हिजिबिलिटी टाइमआउट मुळात १ तासाचा असतो. वर्करने, म्हणजे रांगेतली कामं करणाऱ्या प्रोसेसने, टास्क उचललं आणि तासाभरात पूर्ण झाल्याचं कळवलं नाही, की ते हरवलं असं धरून पुन्हा वाटलं जातं. सहा तासांनंतरचं टास्क वर्कर नुसतं धरून बसलेला असतो, त्यामुळे तासातासाला त्याची नवी प्रत तयार होत गेली. टाइमआउट वाढवून तेवढ्यापुरतं भागतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. मी आता लांबची वेळ क्यूमध्ये, म्हणजे त्या रांगेत, ठेवतच नाही. ती डेटाबेसमध्ये लिहितो आणि दर मिनिटाला चालणारं छोटं काम वेळ झालेल्या ओळी उचलतं. मोहीम आणि मोबाइल नंबर या जोडीवर युनिक बंधन घालतो, म्हणजे एका माणसाची एकच ओळ. ओळीची स्थिती 'पाठवतोय' करण्यात जो वर्कर यशस्वी होईल, त्यानेच पाठवायचं. मध्येच अडकलेल्या ओळी मी आपोआप पुन्हा पाठवत नाही, स्वतः बघतो. वेळ जातो, पण त्या काकांचा आवाज अजून कानात आहे.

दुसरी चूक मराठी एसएमएसची. साधा इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. त्यापुढे गेला की तुकडे पडतात आणि मराठीच्या एका तुकड्यात ६७ च मावतात. शिवाय मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. 'द्राक्ष' लिहा. दिसतात दोन अक्षरं, मोजली जातात सात: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. म्हणून छोटासा वाटणारा मजकूर दोन तुकड्यांत जातो आणि बिल दुप्पट येतं. इंग्रजी मजकुरात एखादं मराठी नाव किंवा इमोजी आला तरी अख्खा मेसेज ७० च्याच हिशोबात जातो. मजकुराच्या चौकटीखाली तुकड्यांची संख्या आणि एकूण खर्च दाखवा. मराठी मजकूर मोजायला जावास्क्रिप्टची लेंग्थ पुरते. पैसे वाचवायला मराठी रोमन लिपीत लिहिण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. ज्या आजोबांसाठी इशारा आहे, त्यांना तो वाचता यायला हवा. त्यापेक्षा 'आपणांस कळविण्यात येते की' काढून टाका, २४ जागा तिथेच सुटतात.

एसएमएस गेटवेने (तुमचे मेसेज ऑपरेटरकडे देणारी सेवा) २००, म्हणजे 'ठीक', असं उत्तर दिलं म्हणजे मेसेज पोहोचला, असं समजू नका. त्याने तो फक्त स्वीकारलाय. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१८ च्या नियमांनुसार हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) डीएलटीवर, म्हणजे ऑपरेटरांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवावे लागतात. मंजूर मजकुरातला शब्द मनाने बदलला की मेसेज पुढे ऑपरेटरकडे अडतो आणि तुमच्या स्क्रीनवर हिरवी खूण तशीच राहते. डिलिव्हरी रिपोर्ट साठवा, हिरवी खूण त्यावरूनच द्या.

बटण दाबल्यावर त्याच रिक्वेस्टमध्ये लूप फिरवून हजारो मेसेज पाठवू नका. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर अ‍ॅपच्या उत्तराची मुळात ६० सेकंद वाट बघतो, मग एरर दाखवतो. माणूस पुन्हा बटण दाबतो आणि मागे पहिला लूप चालूच असतो.

एफसीएमच्या (गूगलची पुश नोटिफिकेशन सेवा) मल्टिकास्टमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवताना, एका वेळी जास्तीत जास्त ५०० टोकन (टोकन म्हणजे त्या फोनवरच्या अ‍ॅपची ओळख). 'अनरजिस्टर्ड' आलेलं टोकन लगेच काढा. ४२९, म्हणजे 'फार विनंत्या येताहेत' असा एरर, आला की थांबा आणि दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवा. तिथे जोर करून उपयोग नाही.

पान उघडताच नोटिफिकेशनची परवानगी मागू नका. माणूस एकदा 'ब्लॉक' म्हणाला की तुम्हाला पुन्हा विचारता येत नाही. आयफोनवर तर वेब पुश आयओएस १६.४ पासूनच आहे, तेही साइट होम स्क्रीनवर घेतली असेल तरच.

मोठी यादी सोडताना मी आधी माझ्या फोनवर पाठवतो, मग ऑफिसातल्या पाच जणांना, मग पहिल्या शंभरांना, आणि रिपोर्ट येईपर्यंत दहा मिनिटं काहीही करत नाही. मोहीम मध्येच थांबवायचं बटण तर मी पाठवायच्या बटणाच्या आधी लिहितो.