स्पीकरमधून हमिंग येतंय? नवीन वायर घ्यायच्या आधी हे करून बघा

रात्री घर शांत झालं, एखादा मालकंस लावला आणि तानपुऱ्याच्या खाली अजून एक सूर चालू आहे असं वाटलं, आणि तो तानपुऱ्याशी जुळतच नाही, हे एकदा कानाला कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. आपल्याकडची लाइट ५० हर्ट्झची, म्हणून हा सूर बहुतेक वेळा ५० चा किंवा त्याच्या दुप्पट १०० चा असतो. १०० म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळ, किंचित चढा, घरात पेटी असेल तर लावून बघा, जुळला तर समजा आवाज लाइटमधूनच येतोय, स्पीकर फाटलेला वगैरे नाहीये.

आता लोक पहिली चूक करतात ती म्हणजे दुकानात जाऊन महागाची लीड (टीव्ही, प्लेयर वगैरे अँप्लिफायरला जोडणारी वायर) आणतात. मी पण आणली होती, एक सोडून दोन, काडीचा फरक पडला नाही. त्यामुळे सांगतो, आधी खर्च करू नका, आधी वायरी काढा. एकेक करून.

सुरुवात अशी करा. काही न वाजवता व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. हमिंग पण वाढली तर ती अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, आधी कुठेतरी शिरतीये, म्हणजे टीव्ही, सेट टॉप बॉक्स, लॅपटॉप, टर्नटेबल किंवा मधली लीड. व्हॉल्यूम शून्यावर असताना पण तेवढीच येत असेल तर संशय अँपवर किंवा सबवूफरवर. आणि आवाज स्पीकरमधून नाही तर अँपच्या डब्यातूनच येत असेल, हात ठेवल्यावर थरथर जाणवत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचा लीडशी काही संबंध नाही.

मग अँप बंद करून मागच्या सगळ्या इनपुटच्या पिना काढायच्या (चालू अँपमध्ये काढल्या तर जो ठॉक्क आवाज येतो त्याने ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जाऊ शकतो), अँप चालू करायचा, शांत झाला का बघायचं, मग परत बंद करून एक पिन लावायची, परत चालू. ज्या पिनेला घूं परत आली तो चोर. कंटाळवाणं आहे पण वीस मिनिटांत उत्तर मिळतं.

आमच्याकडे चोर निघाला सेट टॉप बॉक्स, आणि तोही बॉक्स नाही तर त्याच्यात मागून येणारी केबलवाल्याची जाड वायर. ती नुसती फिरवून काढली आणि एकदम शांत. कारण असं की अँपला थ्री पिन असते, तिचं अर्थिंग आपल्या बिल्डिंगच्या खड्ड्यात जातं, आणि केबलच्या वायरीवरची जाळी कुठेतरी गच्चीवर किंवा पलीकडच्या बिल्डिंगमध्ये अर्थ झालेली असते. दोन ठिकाणच्या जमिनी विजेच्या दृष्टीने अगदी सारख्या कधीच नसतात, थोडासा फरक असतोच, तेवढ्या फरकाने लीडच्या जाळीतून करंट फिरायला लागतो आणि अँपला वाटतं हे पण गाणंच आहे, तो ते मोठं करून वाजवतो. ह्यालाच ग्राउंड लूप म्हणतात, घरातली हमिंग मी जिथे जिथे शोधून दिली त्यात निम्म्याहून जास्त वेळा हेच निघालं.

ह्यावर उपाय तीन आहेत. पहिला फुकटचा, टीव्ही, बॉक्स, अँप, सबवूफर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, म्हणजे निदान घरातल्या घरात सगळ्यांचं अर्थिंग एका जागी येतं. सबवूफर लांबच्या कोपऱ्यातल्या प्लगला लावलेला असतो ना, तिथेच बऱ्याचदा गोची असते. (इस्त्री, गिझर त्या बोर्डवर लावू नका.) दुसरा उपाय, टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर तिथून छोट्या डॅकमध्ये (डिजिटल सिग्नलचा अँपला चालणारा सिग्नल करणारी डबी) आणि मग अँपमध्ये, ऑप्टिकलच्या वायरीतून फक्त उजेड जातो, वीज जातच नाही, म्हणून टीव्हीकडून येणारा लूप तिथेच तुटतो. मला हा सगळ्यात आवडतो. तिसरा म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर, लीडच्या मध्ये लावायची छोटी डबी, आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, कार ॲक्सेसरीजच्या दुकानात पण मिळते. काम करते, पण स्वस्तातल्या डबीने खालचा बास थोडा पातळ होतो, तबल्याच्या डग्ग्यात लगेच कळतं, म्हणून टीव्हीसाठी ठीक, गाणी ऐकायच्या सोर्सला शक्यतो नको. केबलच्या जाड वायरीसाठी वेगळा आयसोलेटर मिळतो तो चालेल, पण डिश असेल तर डिश आणि बॉक्सच्या मध्ये तो लावू नका, त्याच वायरीतून वर डिशला सप्लाय जातो, तो अडला की चित्रच येणार नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. "अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल" असं मला पण एकाने दुकानात सांगितलं होतं. आवाज जातो हे खरं आहे. पण उद्या अँपच्या आत फेज बॉडीला चिकटली तर पूर्ण डब्यात २३० व्होल्ट येणार आणि फ्यूज उडवायला अर्थ नाही, मग हात लावणारा माणूसच अर्थ होतो. घरात लहान मुलं असतात हो. पिन तोडायची नाही, लूप सिग्नलच्या वायरीत तोडायचा.

ह्याच्या उलट पण होतं. जुन्या वाड्यात, चाळीत बोर्डाला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. अँपच्या किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात किंवा हात लावल्यावर हमिंग कमी होते, तर अर्थिंग नाहीये असं धरून चाला आणि वायरमनला बोलवा. त्याला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये किती येतंय ते बघायला सांगा, एक-दोन व्होल्ट चालतात, वीस-तीस दाखवत असेल तर अर्थिंगचं काम आधी, गाणी नंतर.

लॅपटॉपचं सोपं आहे, चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, थांबली तर चार्जर.

टर्नटेबलवाल्यांनो, तुमचं दुखणं वेगळं. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला तो छोटा भाग) जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेयरमधून दोन व्होल्ट, म्हणजे चारशे पट फरक, वर फोनो स्टेज, म्हणजे टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट, बास मुद्दाम जास्त वाढवते, तर हमिंग पण त्याच्यासोबत वाढणारच. लीडसोबत येणारी ती बारीक सुटी वायर अँपच्या मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला घट्ट लावलीये का बघा, पुष्कळ घरांत ती नुसती लोंबकळत असते. आणि टर्नटेबल अँपच्या डोक्यावर ठेवू नका, ट्रान्सफॉर्मरपासून दोन फूट तरी बाजूला.

आवाज गोल घूं नसून खरखरीत झर्र असा असेल तर पंख्याकडे बघा. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ज्यात स्पीड हवा तसा कमीजास्त होतो, तो विजेची लाट मधेच कापतो आणि तो कचरा सगळ्या लाइनीत पसरतो. पंखा बंद करून बघा. तोच असेल तर टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा, किंमत फार नाही. दिव्यांचे डिमर पण हेच करतात. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच झर्र येत असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे गोलसर लाटेऐवजी चौकोनी लाट देणारा आहे, त्यावर अँप चालवूच नका, ट्रान्सफॉर्मर उगाच तापतो.

आता सगळ्या पिना काढल्या, पंखा बंद, तरी व्हॉल्यूम शून्यावर दोन्ही स्पीकरमधून १०० ची हमिंग येतेय आणि अँप वीस-पंचवीस वर्षांचा आहे, तर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेत असं समजा. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. मेकॅनिककडे द्या, दोन्ही कपॅसिटर एकदम बदलायला सांगा, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीवाले. जाताना घरात वूफरजवळ मोबाइल धरून हमिंग रेकॉर्ड करून घ्या आणि त्याला हेडफोनवर ऐकवा, कारण रस्त्यालगतच्या दुकानात गाड्यांच्या आवाजात ती ऐकू येत नाही आणि तो काही झालं नाहीये म्हणून अँप तसाच परत देतो.