कॉलऱ्यात पहिला घोट लवकर द्या
जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके होऊ लागले, तर वाट पाहू नका. व्हिब्रिओ कॉलरी हा जिवाणू आतड्यात विष सोडतो, शरीरातलं पाणी आणि क्षार भराभर बाहेर पडतात. उपचार नसेल तर काही तासांत जीव जाऊ शकतो. ओआरएस, म्हणजे साखर-मिठाचं पाणी, लगेच सुरू करा. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ चुकूनही वाढवू नका. साखर चवीसाठी नाही बरं, तिच्यासोबतच आतडं मीठ आणि पाणी शोषतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट पाजा, आणि पाजत पाजतच दवाखाना गाठा.